गुडघा मुरगळल्यापासून पुन्हा पाखाडी चढेपर्यंत

आषाढात पाखाडीवरचा, म्हणजे वाडीतल्या दगडी पायऱ्यांच्या वाटेवरचा, चिरा शेवाळतो. डोक्यावर भारा, पायात झिजलेली स्लिपर, आणि वळणाच्या पायरीवर पाऊल अडकतं पण अंग तसंच वळतं. गुडघ्यातून आतल्या आत ‘कट्’ असा आवाज येतो आणि बाई तिथंच खाली बसते. माघ-फाल्गुनात हाच आवाज कबड्डीच्या मैदानावर येतो. चढाई करणारा निसटायला वळतो, कोपरारक्षकाने घोटा धरलेला असतो, पाऊल जमिनीवर आणि धड भलतीकडे. दुखापत एकच, ऋतू फक्त वेगळा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात फिजिओथेरपीचं काम करते. माझ्याकडे गुडघा घेऊन येणारी माणसं दोन टोकांची असतात. काहीजण तीन-चार महिने तेल चोळून, लेप लावून, ‘मुका मार आहे, बरा होईल’ म्हणत थांबलेली असतात. काहीजण पडल्यानंतर चौथ्या दिवशी एमआरआयचं पाकीट आणि ऑपरेशनची तारीख दोन्ही घेऊन येतात. दोघांचंही नुकसान होतं. तपासणीला उशीर करू नये आणि ऑपरेशनची घाई करू नये, हे मी रोज सांगते. या सल्ल्यामागे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं भक्कम संशोधन आहे, ते आपल्या वाडीपर्यंत पोचायला हवं म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आत काय असतं, एवढं आधी समजून घ्या

वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड, पुढे वाटी. ही हाडं एकमेकांत घट्ट बसलेली नसतात, दोऱ्यांनी बांधून ठेवलेली असतात. या दोऱ्या म्हणजे लिगामेंट. मुख्य चार. बाहेरच्या अंगाला एलसीएल, आतल्या अंगाला एमसीएल, आणि सांध्याच्या मध्यभागी एकमेकींना फुलीसारख्या छेदणाऱ्या एसीएल व पीसीएल. एसीएल जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर लांब असते, पण नडगी पुढे सरकू न देणं आणि वळताना गुडघा जागेवर ठेवणं ही मोठी कामं तिच्याकडे असतात.

दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचं आवरण असतं. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत आणि वेदना कळवणाऱ्या नसाही नाहीत, म्हणून ती झिजू लागली तरी बराच काळ कळत नाही.

एक फरक मात्र नीट लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. एमसीएल सांध्याच्या बाहेरच्या आवरणात असते. ती फाटली की तिथं रक्त साकळतं, त्या गुठळीवर नवे धागे धरतात आणि बहुतेक वेळा ती पट्टा व व्यायामावर सांधते. एसीएल सांध्याच्या पाण्यात असते. तिथं गुठळी टिकतच नाही, त्यामुळे पूर्ण तुटलेली टोकं पुन्हा नीट जुळणं अवघड. गादीचंही असंच. तिच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा आहे, तिथली फाट शिवली तर भरून येऊ शकते. आतल्या कडेला रक्तच नाही. म्हणून शेजारच्या गणपाचा गुडघा महिन्यात बरा झाला यावरून तुमचा होईलच असं धरून चालू नका. कुठली दोरी तुटली हे आधी कळायला हवं.

पहिला तास आणि पहिले दोन दिवस

खेळ थांबवा. ‘अजून पाच मिनिटंच उरलीत’ म्हणून पट्टी बांधून पुन्हा मैदानात उतरवलेली पोरं मी पाहिली आहेत. दोरी तुटल्यावरची ती पाच मिनिटं पुढे गादीही फाडतात.

माणसाला बसवा, पाय लांब करा आणि घड्याळ बघा. सूज किती वेळात आली ही माहिती निदानासाठी फार मोलाची असते आणि ती फक्त तुम्हीच देऊ शकता. दोन ते सहा तासांत गुडघा टम्म फुगला तर सांध्यात रक्त उतरलं आहे असं समजायचं. त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण एसीएल तुटणं, त्याखेरीज वाटी सरकणं किंवा हाड मोडणं. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली तर गादीकडे संशय जातो. आवाज आला का, पाऊल टेकल्यावर गुडघा ‘दगा देतो’ का, वाकवलेला पाय सरळ करताना मध्येच अडकतो का, हेही त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. चार दिवसांनी आठवण बदलते.

बर्फ लावा. आपल्याकडे बर्फाला तोटा नाही, जेट्टीवर मासळीच्या पेट्यांसाठी येतो तोच बर्फ फोडून स्वच्छ पिशवीत घाला, ओल्या पंचात गुंडाळा आणि पंधरा ते वीस मिनिटं ठेवा. दोन-तीन तासांनी पुन्हा. उघडा बर्फ कातडीवर ठेवू नका, कातडी जळते. मग क्रेप बँडेज नडगीपासून मांडीकडे, घट्ट पण बोटं निळी पडणार नाहीत इतपत. पाय दोन उशांवर, छातीपेक्षा वर.

पहिले दोन-तीन दिवस शेक नको, दारू नको आणि चोळणं तर अजिबात नको. गावातल्या हाडवैद्याबद्दल मला आदर आहे, खांदा निखळलेली कितीतरी माणसं त्यांनी एके काळी सावरली. पण रक्त उतरलेला गुडघा चोळला की आतला रक्तस्राव वाढतो, आणि झटका देऊन ‘बसवला’ तर अर्धवट तुटलेली दोरी पूर्ण तुटू शकते.

घरी थांबायचं नाही, अशी लक्षणं

गुडघा वाकडातिकडा दिसतोय, पाऊल थंड किंवा पांढरं पडलंय, बोटं बधिर झालीत: १०८ ला फोन करा. गुडघा पूर्ण निखळल्यावर मागची मोठी रक्तवाहिनी फाटू शकते आणि तेव्हा पाय वाचवण्यासाठी हाताशी काही तासच असतात. गुडघा कधीकधी आपोआप जागेवर येतो आणि पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं, पण धोका तसाच असतो. गाडीरस्ता वाडीपासून लांब असेल तर मांडीपासून घोट्यापर्यंत पायाखाली फळी ठेवून, चादरीची घडी भरून बांधा आणि माणसाला खुर्चीत बसवून उचला. चालवत नेऊ नका.

मार लागलेला नसताना गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप, तर तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो. त्यात कूर्चा काही दिवसांत नासते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एक्स-रे कधी काढायचा यासाठी एक साधा नियम आहे. कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९५ मध्ये मांडला आणि जगभर तो तपासून पाहिला गेला. वय ५५ किंवा त्याहून जास्त असेल, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखत असेल, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला जे छोटं हाड हाताला लागतं त्याच्या टोकावर दुखत असेल, गुडघा काटकोनापर्यंत वाकत नसेल, किंवा पडल्यावर लगेच आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. पाचांपैकी एकही गोष्ट नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी. लंगडत टाकलेलं पाऊलही धरायचं. तालुक्याला एक्स-रेसाठी दीडदोन तासांचा एसटीचा प्रवास असतो, तिथं हा नियम खरंच उपयोगी पडतो.

हातांनी केलेली तपासणी आणि एमआरआय

पहिल्या दोन दिवसांत सुजलेला गुडघा नीट तपासता येत नाही, माणूस दुखण्याने स्नायू आवळून धरतो. म्हणून हाड मोडलेलं नाही हे कळल्यावर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणीला जाच. हा दुसरा फेरा बहुतेकजण चुकवतात आणि तिथंच एसीएलचं निदान निसटतं.

एसीएलसाठी सगळ्यात भरवशाची हाताची चाचणी म्हणजे लॅकमन चाचणी. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले डॉ. जॉन लॅकमन ती शिकवत, आणि त्यांचे सहकारी डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी ती १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. माणूस उताणा निजलेला, गुडघा वीस-तीस अंशांत वाकवलेला. एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगीचं वरचं टोक, आणि नडगी हलकेच पुढे ओढायची. दोरी शाबूत असेल तर दाव्याला बांधलेल्या जनावराला हिसका बसतो तसं हाताला एकदम अडतं. तुटलेली असेल तर नडगी पुढे येतच राहते आणि शेवटी मऊ लागतं. दुसऱ्या पायाशी ताडून पाहिलं की फरक स्पष्ट होतो. दोन मिनिटांचं काम आहे, खर्च काही नाही. डॉक्टरांनी गुडघ्याला हात न लावताच एमआरआय लिहून दिला, तर ‘आधी एकदा तपासून बघाल का?’ असं विचारायला संकोचू नका.

तरुण माणसाचा गुडघा दगा देत असेल, अडकत असेल किंवा ऑपरेशनचा विचार असेल तर एमआरआय हवाच. पन्नाशीपुढच्या माणसाला मात्र नुसत्या दुखण्यासाठी तो काढून बऱ्याचदा घोटाळाच होतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले गेले, २००८ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांच्या गाद्या फाटलेल्या दिसल्या त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. वयाप्रमाणे केस पिकतात तशा गाद्याही विरतात. रिपोर्टमध्ये ‘टिअर’ (फाट) शब्द दिसला म्हणून दुखणं त्याच्यामुळेच आहे असं सिद्ध होत नाही.

एसीएल तुटली आहे. ऑपरेशन करायचं?

या प्रश्नावर तीन मोठे अभ्यास झाले आहेत आणि ते तिन्ही समजून घेतले तर निर्णय सोपा होतो.

पहिला स्वीडनचा, २०१० सालचा. नुकतीच एसीएल तुटलेल्या १२१ तरुण, खेळत्या माणसांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं. दुसऱ्याला आधी व्यायाम दिला, आणि गुडघा दगा देत राहिला तरच पुढे ऑपरेशन. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच निघाले. व्यायामाच्या गटातल्या जवळजवळ निम्म्यांना पाच वर्षांत ऑपरेशन लागलंच नाही. नेदरलँड्समध्ये १६७ जणांवर झालेल्या, २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासातही व्यायामाने सुरुवात केलेल्या निम्म्या लोकांचं ऑपरेशन टळलं.

तिसरा अभ्यास ब्रिटनचा, २०२२ सालचा, ३१६ जणांवरचा. इथली माणसं वेगळी होती. दुखापत जुनी, आणि गुडघा अजून दगा देतोय. यांच्यात ऑपरेशनचा गट सरस ठरला. मला या तिन्हींत विरोध दिसत नाही. नवीन दुखापतीला तीन महिने मनापासून व्यायामाची संधी द्यावी, आणि एवढं करूनही गुडघा दगा देत असेल तर पुढची दोन वर्षं रेंगाळू नये. दर वेळी गुडघा लचकतो तेव्हा गादीवर नवी फाट पडू शकते.

वाट न बघण्याचे प्रसंगही आहेत. गादीचा मोठा तुकडा उलटून गुडघा अडकून बसला असेल, सरळच होत नसेल. शिवता येण्याजोगी गादी फाटली असेल. एकाहून जास्त दोऱ्या तुटल्या असतील. अशा वेळी शल्यचिकित्सकांचं ऐका.

आणि तुमचं काम काय आहे हे डॉक्टरांना सांगा. दुकानात बसणाऱ्या माणसाला एसीएलशिवाय व्यवस्थित जगता येतं. हलत्या होडीवर जाळं ओढणाऱ्या खलाशाचं, माडावर चढणाऱ्या पाडेल्याचं, कबड्डीपटूचं तसं नाही. तिथं पायाने एकदा दगा दिला तर जीवावर बेतू शकतं. ‘तुम्ही काय काम करता?’ असं तुम्हाला कुणी विचारलं नाही, तर आपणहून सांगा.

ऑपरेशन ठरलंच तर त्याआधी गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा आणि सूज उतरलेली हवी. ताठरलेल्या, सुजलेल्या गुडघ्यावर घाईने केलेलं ऑपरेशन पुढे आखडलेला गुडघा देऊन जातं.

व्यायाम: खरी लढाई इथं आहे

दुखापतीनंतर मांडी बारीक होते हे तुमच्याही लक्षात येईल. कारण नुसतं पडून राहणं नाही. सांध्यात पाणी भरलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूमच दबतो. माणूस जोर लावतो, पण स्नायू उठत नाही. म्हणून पहिला व्यायाम स्नायूला जागं करण्याचा.

पडवीत चटईवर पाय लांब करून बसा. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा. पाऊल आपल्याकडे ओढा आणि गुडघ्याने गुंडाळी दाबा. मनात सावकाश दहा आकडे मोजा, सोडा. मांडीवर, वाटीच्या वर आतल्या अंगाला, थेंबाच्या आकाराचा एक स्नायू आहे. त्यावर दोन बोटं ठेवा. दाबताना तो बोटांखाली लाकडासारखा टणक व्हायला हवा. मऊच लागला तर चांगल्या पायावर हात ठेवून आधी तिथं काय होतं ते बघा आणि तसंच दुखऱ्या पायात आणायचा प्रयत्न करा. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. या एका व्यायामासाठी मी माणसाजवळ अर्धा तास बसते, कारण हा जमला नाही तर पुढचे सगळे नुसते दिसायला होतात.

दुसरं काम गुडघा पूर्ण सरळ करणं. टाचेखाली गुंडाळी ठेवून पाय तसाच सैल सोडा, पाच-दहा मिनिटं. रात्री बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका, गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते. वाकवण्यासाठी उताणं झोपून टाच चटईवरून कुल्ल्याकडे सरकवत आणा.

हे जमलं की गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचलणं. मग पाय दुमडून कंबर उचलणं. मग पडवीच्या खांबाला धरून अर्धी बैठक, खुर्चीत बसायला निघालो आणि मध्येच थांबलो एवढीच. मग घराच्या पायरीवर एकेका पायाने चढउतार. मग एका पायावर उभं राहून दात घासणं. हे जमू लागलं की डोळे मिटून.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहा मोजलं तर तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते उतरलेलं हवं. सकाळी गुडघा जास्त सुजलेला दिसला तर आदल्या दिवशी जास्त झालं, एक पायरी मागे या. व्यायाम सोडू मात्र नका.

एसीएलच्या ऑपरेशनमध्ये तुमच्याच मांडीच्या मागचा किंवा वाटीच्या खालचा स्नायूबंध काढून नवी दोरी म्हणून बसवतात. ती अंगात मुरायला महिने लागतात. आधी तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि त्या काळात ती बसवली त्या दिवसापेक्षा कमकुवत असते. घात असा की नेमका तेव्हाच गुडघा दुखायचा थांबलेला असतो. तिसऱ्या महिन्यात पोरगं म्हणतं, मला आता काहीच होत नाही. घरचेही म्हणतात, शिमग्यात पालखी नाचवायला जाऊ दे. जाऊ देऊ नका.

नॉर्वेतल्या ओस्लोमधल्या अभ्यासाने २०१६ मध्ये दाखवलं की ऑपरेशननंतर नऊ महिने होईपर्यंत खेळात उतरणं जितके महिने पुढे ढकललं, तितकी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता दर महिन्याला सुमारे निम्म्याने कमी झाली. नऊ महिने ही किमान मुदत. शिवाय परीक्षा आहे. अंगणात फक्कीने रेघ मारा. चांगल्या पायावर लंगडी उडी मारून त्याच पायावर स्थिर थांबा आणि अंतर मोजा. मग दुखऱ्या पायाने. चांगला पाय दीड मीटर जात असेल तर दुखरा किमान १३५ सेंटीमीटर जायला हवा, म्हणजे नव्वद टक्के. उडी घेऊन टेकताना गुडघा आत कलतो का हे समोरून मोबाइलवर चित्रीकरण करून बघा. आत कलत असेल तर अंतर कितीही भरो, तो पाय अजून मैदानासाठी तयार नाही.

गावोगावच्या कबड्डी संघांच्या प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. सरावाआधी रोज पंधरा-वीस मिनिटं उडी मारून मऊ उतरणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचा जोर आणि दिशा बदलताना गुडघा पावलाच्या वर ठेवणं, एवढं घ्या. अशा सरावाने एसीएलच्या दुखापती निम्म्यापर्यंत कमी होतात हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा दोन ते अनेक पटींनी जास्त होते, त्यामुळे मुलींच्या संघात हा सराव सोडूच नका.

झिजलेले गुडघे

‘बाय, ह्या गुडघ्यानं माझी लावणी बुडवलान.’ साठीच्या एक काकी दरवर्षी ज्येष्ठात हे म्हणत येतात. आयुष्यभर उकिडवं बसून भाजणी केली, चिखलात वाकून लावणी केली, विळीवर बसून मासे चिरले. अशा गुडघ्यांना झीज झालेली असते, आणि ती औषधाने भरून निघत नाही. पण झीज आणि दुखणं यांचा हिशोब एकास एक नसतो. एक्स-रे तोच राहतो आणि दुखणं निम्म्यावर येतं, हे मी नेहमी बघते.

सगळ्यात मोठा उपाय मांडीचा जोर. ओटीच्या कडेवर बसा, पाय सरळ करा, दहा मोजेपर्यंत धरा. मग हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा, पाच वेळा, मग दहा. पहिल्या दिवशी तीस सेकंदांत किती झाल्या ते कॅलेंडरवर लिहा आणि दर रविवारी पुन्हा मोजा. दुसरा उपाय वजन. कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असं २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात मोजलं गेलं. पाच किलो कमी केले तर काय होईल याचा हिशोब तुम्हीच करा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी चालायला जायचं तर ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. कोरड्या वाळूत पाय रुततो. किनारा समुद्राकडे उतरता असतो म्हणून एकाच बाजूला सतत चालू नका, गेलात तसेच परत या. काठी घ्यायची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. विळी ओट्यावर घ्या किंवा उभ्याने चिरायची सुरी वापरा. लावणीत दर अर्ध्या तासाने बांधावर येऊन पाय सरळ करा.

दुर्बिणीतून ‘गुडघा साफ करून’ घ्यायला सांगितलं तर थांबून विचार करा. २००२ मध्ये अमेरिकेत झीज झालेल्या १८० रुग्णांवर अभ्यास झाला. काहींचा सांधा खरंच धुतला, खरवडला. काहींना नुसता छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांत या गटांच्या दुखण्यात फरक नव्हता. फिनलंडमध्ये २०१३ मध्ये झिजून फाटलेल्या गादीबाबतही १४६ रुग्णांवर असंच दिसलं. माझ्या माहितीतल्या एका आजींना सुपारीची बाग गहाण ठेवून हेच ऑपरेशन करायला लावलं होतं. सहा महिन्यांत दुखणं जसंच्या तसं. त्याचा मला आजही राग येतो.

ग्लुकोसामीनच्या गोळ्यांवर २००६ मध्ये १५८३ रुग्णांचा अभ्यास झाला. एकूण रुग्णांत त्या औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. ते पैसे मासे-अंड्यांवर खर्च करा. स्टेरॉइडचं इंजेक्शन सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे आराम देतं, एखाद्या वेळेला हरकत नाही. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं दिल्यावर कूर्चा जास्त झिजली आणि दुखणं मात्र कमी झालं नाही, असं २०१७ मध्ये दिसलं. डायक्लोफिनॅकचं मलम चांगलं. त्याच्या गोळ्या रक्तदाब, मूत्रपिंड आणि पोट पाहूनच. पावसाळ्यात ताप असताना तर या गोळ्या मुळीच नकोत, डेंग्यू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो.

आणि प्रत्येक दुखरा गुडघा झिजलेलाच असतो असं नाही. सकाळी आखडलेपण अर्ध्या तासाहून जास्त टिकतं, दोन्ही हातांची बोटंही सुजतात, तर संधिवाताची तपासणी करा. कोळंबी आणि दारूच्या जेवणानंतर रात्रीत गुडघा किंवा पायाचा अंगठा लालभडक झाला तर युरिक अॅसिड. ताप येऊन गेल्यावर आठवडेच्या आठवडे सांधे धरले तर चिकनगुनिया, २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्राने तो पुरेपूर भोगला आहे. लावणीच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्यांत असह्य दुखणं असेल तर गुडघ्याचा विचार सोडा, लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) तपासणीसाठी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

सांधा बदलायची वेळ

रात्री झोप लागत नाही, घरातल्या घरात चालणं अवघड झालं, तीन-सहा महिने नीट व्यायाम करूनही फरक नाही, आणि एक्स-रेत हाडाला हाड लागलंय. हे सगळं एकत्र असेल तर सांधा बदलण्याला घाबरू नका. डेन्मार्कमध्ये २०१५ मध्ये १०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सांधा बदललेल्यांचं दुखणं नुसत्या व्यायामाच्या गटापेक्षा बरंच जास्त कमी झालं. गंभीर गुंतागुंतही त्याच गटात जास्त झाली, हेही खरं. आणि ज्यांनी फक्त व्यायाम केला त्यांतल्या चौघांपैकी तिघांना त्या वर्षात ऑपरेशन लागलं नाही. बदललेले बहुतेक सांधे वीस-पंचवीस वर्षं टिकतात.

खर्चाचं आधी विचारा. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथं जा, तुमचं ऑपरेशन योजनेत बसतं का ते लेखी विचारा आणि मगच तारीख घ्या.

घर तयार ठेवा. झोपायला खाट, संडासात कमोड किंवा कमोडची खुर्ची, भिंतीला धरायची दांडी. पावसाळा तोंडावर असेल तर पाखाडीवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून काढा आणि एका बाजूला बांबूचा कठडा बांधून घ्या. रुग्णालयातून घरी येताना तीच पाखाडी समोर असेल. चढताना चांगला पाय आधी वर, मग दुखरा, मग काठी. उतरताना काठी आधी, मग दुखरा, मग चांगला. बरोबरच्या माणसाने चढताना एक पायरी मागे राहायचं आणि उतरताना एक पायरी पुढे.